स्वल्प रेघेबाहेर

ज्यूरीचा महिना आला की मी रंगाऱ्याला फोन करते. हा फोन मी विभागात दुसऱ्या कुणाला करू देत नाही. रंगाऱ्यालाही आता सवय झाली आहे. "अदे गोडे, मॅडम?" एवढंच तो कानडीत विचारतो. तीच भिंत ना? मी म्हणते, हो, तीच. मग दोन-चार इतर कामं सांगते, खिडकीच्या चौकटी, जिन्याचा कठडा, म्हणजे एका भिंतीसाठी एवढा आटापिटा चाललाय असं त्याला वाटायला नको. त्याला ते वाटत असणारच. बिचारा बोलत नाही.

आमचं कॉलेज बेंगळुरूत येलहंक्याच्या पलीकडे, आणि मी शिकवते ग्राफिक डिझाइन. ह्या विषयाची परीक्षा पेपरावर होत नाही. सहा महिने केलेलं काम भिंतीवर नाहीतर पडद्यावर मांडायचं, शेजारी आपण उभं राहायचं आणि बाहेरून आलेली दोन-तीन जाणकार माणसं विचारतील त्याची उत्तरं द्यायची. ह्याला ज्यूरी म्हणतात. निपाणीची माझी मावशी एकदा हे ऐकून म्हणाली होती, "म्हणजे पोरांना पिंजऱ्यात उभं करतासा की गं!" तेव्हा मी हसले होते.

एप्रिल. दुपारी ऊन डोक्यात जातं, चारच्या सुमाराला आभाळ भरून येतं आणि वळवाची एक सर आवारातल्या गुलमोहराखाली लाल चिखल करून जाते. वायुदलाच्या तळावरून विमान उठलं की वर्गात बोलणं थांबवायचं आणि ते गेलं की अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच उचलायचं, ही इथली शिस्त. नवा शिक्षक आठवड्याभरात शिकतो. मी तर आता घरीसुद्धा विमानाला वाट देते. नवरा म्हणतो, तेवढाच वेळ तू गप्प असतेस.

पूर्वी ह्या दिवसांना वास असायचा. टर्पेंटाइनचा, डिंकाचा, ओल्या पोस्टर रंगाचा, आणि तीन दिवस आंघोळ न केलेल्या पोरांचा. स्टीलच्या पट्ट्या फरशीवर पडल्याचा खणखणाट असायचा. कुणाचा तरी शाईचा थेंब शेवटच्या क्षणी पांढऱ्याशुभ्र कागदावर पडायचा आणि बाथरूममधून रडण्याचा आवाज यायचा. आता गरम झालेल्या लॅपटॉपचा थोडासा वास आणि बाकी सगळी कॉफी. रडणं मात्र आहे तसंच आहे. फाइल करप्ट झाली की अगदी तेवढंच मोठ्यानं रडतात.

हाताच्या कामाचे गोडवे गाणाऱ्यांतली मी नाही, हे आधीच सांगून टाकते. ब्रशच्या जमान्यात ज्याचा हात जन्मतः बरा तो पुढे जायचा, आणि डोक्यात शंभर कल्पना असलेली एखादी पोरगी केवळ रेघ सरळ येत नाही म्हणून चार वर्षं मागच्या बाकावर काढायची. कॉम्प्युटरनं तिला पुढे आणलं. मला स्वतःलाच आणलं. विभागात नोकरीला लागले तेव्हा मला कॉम्प्युटर येत होता, बाकी कुणाला येत नव्हता. त्याचा मला माज होता. आता वय झाल्यावर खोटं कशाला बोला.

आणि विभागात अण्णा होते.

यल्लाप्पाअण्णा मूळचे बेळगावचे. तरुणपणी दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाचे फलक रंगवायचे, कानडी आणि मराठी दोन्ही अक्षरं सारख्याच डौलात. कुणीतरी त्यांना बेंगळुरूला आणलं आणि आमच्या कॉलेजात अक्षरं शिकवायला लावलं. हातात पदवी नाही, इंग्रजी चार शब्दांपुरतं. मुलं त्यांना अण्णा म्हणत, प्राचार्यसुद्धा अण्णाच म्हणत. विभागात मराठी बोलणारी आम्ही दोघंच, त्यामुळे मी आले तेव्हा त्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखा आनंद झाला. डबा उघडला की अर्धी भाकरी माझ्यापुढे यायची.

त्यांची ब्रशची खोली तळमजल्यावर, कोपऱ्यात. त्या खोलीत खुर्ची नव्हती. एकही नाही. "बसून मारलेली रेघ आळशी हुतीय वो बाई," ते म्हणायचे. "हात खांद्यापास्नं चालला पाहिजे." पहिला महिनाभर मुलांना अक्षर काढू द्यायचे नाहीत. उभी रेघ, आडवी रेघ, आणि दोन आडव्या रेघांमध्ये एका दमात काढलेला गोल. कागद बिघडून कुणाचा चेहरा पडला की म्हणायचे, "सरी बिडी." असू दे, सोड. आणि नवा कागद पुढे सरकवायचे. त्यांच्या शिकवण्यात पुसणं हा प्रकारच नव्हता. चुकलेलं तसंच ठेवायचं आणि शेजारी पुन्हा काढायचं.

ते स्वतः कागदाला ब्रश लावण्याआधी भिंतीवर लावून बघत. दारापासून बेसिनपर्यंतची भिंत त्यासाठी ठेवलेली होती. ब्रश इनॅमलमध्ये बुडवायचा, भिंतीवर दोन आडव्या रेघा, मध्ये एक गोल, आणि मग कागदाकडे वळायचं. कितीतरी वर्षांच्या त्या रेघा एकावर एक, एकाशेजारी एक. साफसफाईला येणाऱ्या बायका त्या भिंतीला हात लावत नसत.

त्या गोलाबद्दल मी त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. गोल दोन्ही रेघांच्या किंचित बाहेर जायचा, वरूनही आणि खालूनही. मला वाटलं, हात घसरतो.

"घसरत न्हाई वो," ते म्हणाले. "गोल आकार रेघंवर बरोब्बर बसवला की लहान दिसतोय बघा. डोळा फसतोय आपला. म्हणून त्येला स्वल्प रेघंबाहेर काढायचं."

"किती बाहेर?"

"स्वल्प."

"म्हणजे किती मिलिमीटर, अण्णा?"

"आता ते कसं सांगू? बघायचं की."

मी बघितलं नाही. मनात म्हटलं, ह्यांना सांगता येत नाही.

ज्या वर्षाची ज्यूरी मला आठवते, खरं म्हणजे जी दर वर्षी एप्रिलमध्ये येऊन माझ्या मानेवर बसते, ते अण्णांच्या निवृत्तीचं वर्ष. विभागात कॉम्प्युटर लॅब व्हायची होती आणि त्यासाठी ब्रशची खोली ठरली होती. विभागप्रमुखांनी मला बोलावून सांगितलं, अण्णांच्या अक्षरांचा फॉन्ट कर. त्यांच्या नावाचा. ज्यूरीच्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांना भेट देऊ. मला कल्पना मनापासून आवडली. अण्णांवर माझा जीव होता, हेही खरं आहे.

अण्णांनी चार मोठे खण उघडून दिले. त्यात त्यांच्या सगळ्या नोकरीचे कागद होते. एकेका अक्षराचे वीस-वीस नमुने, कानडी आणि देवनागरी, कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं काढलेल्या खुणा. "नीट वापरा," म्हणाले. "एवढंच हाय बघा माझ्याजवळ." मी दोन महिने वरच्या मजल्यावर बसून स्कॅन करत होते. स्क्रीनवर मोठं करून बघताना मला एक गोष्ट दिसली, जी कागदावर कधी दिसली नव्हती. शेवटच्या काही वर्षांच्या अक्षरांच्या कडा थरथरत होत्या. अण्णांचा हात कापायला लागला होता आणि ते कुणाला बोलले नव्हते.

मी त्यांच्यावर उपकार करायचं ठरवलं. एकेका अक्षराच्या कडेवरची थरथर काढून टाकली. मग लक्षात आलं की गोल अक्षरं रेघेबाहेर जातायत, तेही नीट केलं. सॉफ्टवेअरमध्ये रेघ आखली की आकार आपोआप तिला जाऊन चिकटतो, तसे सगळे चिकटवले. एकसुद्धा सोडला नाही. किती समाधान वाटलं होतं मला! एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा शर्ट धुऊन, इस्त्री करून खुंटीला लावावा तसं.

हे सांगताना कॉम्प्युटरला दोष देऊन सुटायची सोय माझ्याजवळ नाही. पुढे मी शिकले की चांगला फॉन्ट करणारा जगातला प्रत्येक माणूस गोलाला रेघेबाहेर काढतो. त्याचा आकडा असतो, तो टाकता येतो. स्वल्प टाकता येतं. मला ते ठाऊक नव्हतं आणि ज्याला ठाऊक होतं तो माणूस खालच्या मजल्यावर होता. दोन महिन्यांत मी एकदाही जिना उतरून विचारायला गेले नाही. तेवढा माझा माज होता.

ज्यूरीच्या दिवशी फॉन्ट पडद्यावर आला. टाळ्या झाल्या. अण्णा नेहमीसारखे कोपऱ्यात, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते. सगळ्यांनी पुढे ढकललं तेव्हा पडद्याजवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ बघत राहिले.

"सुंदर झालंय वो बाई," ते म्हणाले. "कुणाचं अक्षर म्हणायचं हे?"

विभागप्रमुखांना वाटलं, गंमत करतायत. ते हसले, म्हणून सगळे हसले. मीही हसले.

त्यानंतरच्या आठवड्यात खोली रिकामी करायची होती. चार खण कुठं ठेवायचे, असा प्रश्न आला. विभागप्रमुख म्हणाले, तू ठरव, काम तुझं आहे. मी ठरवलं. सगळं स्कॅन झालंय, फॉन्ट झालाय, आता कागद कशाला अडवून ठेवायचे? रद्दीवाला टेम्पो घेऊन आला. कॉम्प्युटरमध्येही तेव्हा जागा फार थोडी असायची, म्हणून मूळ स्कॅन पुसून टाकले आणि फक्त साफ केलेलं ठेवलं. दोन्ही निर्णय माझे. कुणी माझा हात धरून करून घेतले नाहीत.

मे महिन्यात अण्णा आले. निवृत्त झाल्यावर माणूस जसा येतो तसे, धुतलेला शर्ट, खिशात नेहमीचा एक ब्रश. "बाई, माझे कागद तेवढे न्यावं म्हणतो. घरात बसून काय करायचं?"

"स्टोअरमध्ये आहेत, अण्णा. पुढच्या आठवड्यात काढून ठेवते."

हे वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. तोंडातून निघालं. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले, तेव्हा मी तेच वाक्य पुन्हा बोलले, ह्या वेळी ठरवून. तिसऱ्यांदा त्यांना आवारात शिरताना मी वरच्या खिडकीतून बघितलं. खाली आमच्या स्टाफरूममध्ये येऊन दार लावून घेतलं आणि विभागातल्या अटेंडर रामक्कांना म्हटलं, "मी मीटिंगमध्ये आहे म्हणून सांगा, अक्का." थोड्या वेळानं त्या परत आल्या. "सांगितलं. सरी बिडी म्हणाले."

मला हायसं वाटलं. म्हणजे गेले. तरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी बाहेर पडले नाही, आणि पडले ती स्टाफरूमच्या मागच्या दारानं. दुसऱ्या दिवशी सुट्टी लागली म्हणून निपाणीला निघून गेले. जूनमध्ये परत आले तेव्हा ब्रशची खोली पांढरीफेक झाली होती आणि भिंतीला लागून कॉम्प्युटरची टेबलं बसली होती. अण्णा पुन्हा आले नाहीत. पुढच्या ज्यूरीच्या आधीच ते वारल्याचा निरोप आला. शोकसभेची पत्रिका आम्ही यल्लाप्पा फॉन्टमध्ये छापली. ती मीच केली.

तेव्हापासून मी त्या अक्षरांमध्ये राहते. कॉलेजच्या फाटकावर तोच फॉन्ट, वाचनालयावर तोच, मुलींच्या स्वच्छतागृहावर तोच, माझ्या केबिनच्या दारावर माझं नाव त्यातच. बाहेरची माणसं कौतुक करतात, म्हणतात, तुम्ही तुमच्या जुन्या शिक्षकाला किती छान जपलंत! मला मात्र दर पाटीवर गोल अक्षरं शेजारच्यांपेक्षा लहान दिसतात, दम कोंडल्यासारखी. एकदा दिसायला लागलं की थांबत नाही. सकाळी गाडी लावताना दिसतं, डबा खाताना दिसतं. अण्णा दिसत नाहीत, ते भुतासारखे वगैरे कधी आले नाहीत. आले असते तर बरं झालं असतं, दोन शब्द बोलता आले असते.

आणि ती भिंत. इनॅमल तेलाचं, त्यावर पाण्याचा डिस्टेंपर धरत नाही, हे कुठल्याही रंगाऱ्याला विचारा. पहिल्याच वर्षी वळवानं ओल आली आणि टेबलांच्या वरच्या बाजूला पांढऱ्या रंगाचे पापुद्रे सुटले. खालून काळी-तांबडी रेघ डोकावली. ज्यूरीला बाहेरची माणसं येणार, भिंत बरी दिसत नाही, असं म्हणून मी रंगारी बोलावला. दुसऱ्या वर्षी पुन्हा. मग तो नेमच झाला. विभागप्रमुख झाल्यावर तर विचारणारं कुणी उरलंच नाही.

दरम्यान ती लॅबही म्हातारी झाली. खोक्याएवढे मॉनिटर गेले, चपटे आले, मग मुलांच्याच पाठीवर लॅपटॉप आले आणि लॅबमध्ये कुणी फिरकेना. ह्या वर्षी टेबलं काढून टाकली. आता तिथं एआय स्टुडिओ होणार आहे. म्हणजे नेमकं काय होणार आहे ते अजून कुणालाच माहीत नाही, पण पाटी तयार आहे. कोणत्या फॉन्टमध्ये, ते सांगायला नको. अभ्यासक्रमाच्या बैठकीत तरुण सहकारी मला समजावून सांगतात की मुलांना आता सॉफ्टवेअर शिकवण्यातही अर्थ नाही, मशीनला काय सांगायचं ते शिकवा. बरोबरच बोलतात. मी मान हलवते आणि माझ्या लक्षात येतं की माझेही हात पाठीमागे बांधलेले आहेत.

ह्या वर्षी इरा आली. शेवटच्या वर्षाची मुलगी, आईवडील पुण्याचे, आयटीतले, सर्जापूर रोडला राहतात. हुशार आहे आणि चिवट आहे. तिनं प्रकल्पाला विषय घेतला तो यल्लाप्पाअण्णांचा हात. मशीनला त्यांची अक्षरं दाखवायची आणि त्यांनी कधीच न काढलेले शब्द त्यांच्या हातानं काढून घ्यायचे. जानेवारीत माझ्याकडे आली.

"मॅम, मला फॉन्ट नकोय, ओरिजिनल्स हवेत. शीट्स कुठे आहेत?"

"स्टोअरमध्ये आहेत," मी म्हणाले. "बघते पुढच्या आठवड्यात."

ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं. वाक्य तेच होतं, शब्दन् शब्द. इतकी वर्षं ते माझ्या तोंडात तयार बसलेलं होतं. फेब्रुवारीत तिनं पुन्हा विचारलं, मार्चमध्ये तिसऱ्यांदा. चौथ्यांदा विचारलं नाही. अण्णांसारखंच.

रंगाऱ्याला मी नेहमीसारखा फोन केला होता. तो आला, भिंतीला तळहात लावून बघितला आणि म्हणाला, ह्या वर्षी ओल जास्त आहे, स्वल्प वाळू दे, ज्यूरी झाली की मारतो. मी म्हटलं, सरी.

ज्यूरीच्या दिवशी इरानं पडद्यावर अक्षरं आणली. अण्णांच्या नावाखाली, अण्णांनी कधी न लिहिलेले शब्द. सफाईदार, गुळगुळीत, गोल आकार लहान. कोपऱ्यात एक सरकपट्टी होती, शून्यापासून शंभरपर्यंत. "रामक्कांनी मला सांगितलं की त्यांचा हात थरथरायचा," ती म्हणाली. "पण फॉन्टमध्ये ते कुठेच नाहीये. डेटा खूप क्लीन आहे, इतका क्लीन कसा, कळत नाही. म्हणून मी थरथर वरून ॲड केली." तिनं पट्टी सरकवली आणि सगळी अक्षरं एकदम, एकाच लयीत कापायला लागली. तो अण्णांचा हात नव्हता. त्यांची थरथर मला ठाऊक होती. एकेक शोधून मीच तर ती काढली होती.

परीक्षक होत्या इंदिरानगरच्या एका स्टुडिओच्या, कामात चोख आणि बोलायला तिखट. त्यांनी विचारलं, एवढा मोठा प्रकल्प आणि तू मूळ कागद बघितलेसुद्धा नाहीस? विभागाकडे असतील ना? हा आळस आहे, पायाच कच्चा आहे. त्या गुण लिहायच्या कागदाकडे वळल्या. इरानं माझ्याकडे बघितलं. तिनं तीनदा मागितले होते, मी तीनदा टाळलं होतं, हे ती एका वाक्यात सांगू शकली असती. पोरीचं वर्ष माझ्यामुळे बुडत होतं आणि ती माझी अब्रू राखत होती.

तेवढ्यात विमान उठलं.

सगळे शिस्तीत गप्प झाले. खिडक्यांची तावदानं थरथरली. विमान गेलं.

"कागद नाहीत," मी म्हणाले. "मी रद्दीत दिले. स्कॅन पुसून टाकले. ह्या मुलीनं मला तीनदा विचारलं आणि मी तिच्याशी तीनदा खोटं बोलले. तिच्या गुणांना हात लावू नका." हे इंग्रजीत सांगितलं, कारण ज्यूरी इंग्रजीत चालते, आणि इंग्रजीत सांगणं सोपं गेलं हेही कबूल केलं पाहिजे. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. माझे तरुण सहकारी फरशीकडे बघत राहिले. मागे दाराशी रामक्का उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी किती कळतं मला माहीत नाही, पण त्यांनी पदर तोंडाला लावला.

"यल्लाप्पा सरांना माहीत होतं?" इरानं मराठीत विचारलं.

"मी सांगितलं नाही."

तिनं लॅपटॉप मिटला. असू दे मॅम, असं काहीतरी ती म्हणेल अशी मी वाट बघत होते. तिनं म्हटलं नाही. का म्हणावं?

पण मी तिला घेऊन खाली गेले. टेबलं निघाल्यामुळे खोली मोठी वाटत होती. लॅबच्या वेळच्या चाकांच्या दोन खुर्च्या तेवढ्या कोपऱ्यात उरल्या होत्या. भिंत ओली होती. बेसिनच्या वर एक पापुद्रा सुटला होता, त्याखाली मी नख घातलं आणि ओढलं. इतक्या वर्षांचे थर एकमेकांना धरून होते, हातभर लांब पट्टा सालीसारखा निघून आला. खाली काळ्या इनॅमलच्या दोन रेघा आणि मध्ये एक गोल. रेघेच्या बाहेर गेलेला, वरूनही आणि खालूनही.

इरानंही नख घातलं. आम्ही दोघी सोलत गेलो. अगदी वर, हात उंचावून काढलेले गोल ताठ आणि गुळगुळीत होते. छातीच्या उंचीवर आलं तसतशा कडा कापऱ्या होत गेल्या. हात उचलणं जड जायला लागलं तसे अण्णा भिंतीवर खाली खाली उतरत गेले होते. मी काढून टाकलेलं सगळं तिथं होतं. प्रत्येक गोलाची थरथर वेगळी, आणि तरी एकही गोल रेघेच्या आत राहिला नव्हता.

"मॅम, हे इतकं खाली का?" इरा उकिडवी बसून भिंतीचा तळ सोलत होती. कमरेच्याही खाली, जिथं आजवर टेबलं होती, तिथं गोलांची एक सबंध ओळ निघत होती. एकाच रंगाची, एका उंचीवर, बेसिनपासून दाराकडे जाणारी. "उभं राहून इथे हात कसा पोचेल?"

उभं राहून पोचत नाही. अण्णा बसून कधी ब्रश धरत नसत आणि त्यांच्या दिवसांत ह्या खोलीत खुर्चीच नव्हती. खुर्च्या मे महिन्यात आल्या, कॉम्प्युटरच्या टेबलांच्या आधी, चाकांच्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या. त्यानंतर अण्णा ह्या खोलीत एकदाच आले असणार, त्या तिसऱ्या खेपेला. खिशात ब्रश होता, बेसिनखाली रंगाचा जुना डबा होता.

सरी बिडी म्हणाले, पण गेले नव्हते.

गोल कितीतरी होते. दोन रेघा, एक गोल, खुर्ची थोडी पुढे, पुन्हा दोन रेघा, एक गोल. दाराच्या चौकटीपाशी ओळ संपली होती. इरानं कोपऱ्यातली एक खुर्ची ओढून शेवटच्या गोलापाशी आणली आणि माझ्याकडे बघितलं. मी बसले. दार उघडंच होतं. तिथं बसलं की बोळाच्या टोकाला आमची तेव्हाची स्टाफरूम, म्हणजे आताची माझी केबिन, आणि तिचं बंद दार सरळ समोर दिसतं.